तिकिटात चिकटवलेली ती ओळ

कळव्याच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ३४, शिक्षण बी.कॉम. सात वर्षं त्या महापे एमआयडीसीतल्या एका डेटा सेंटरमध्ये मॉनिटरिंगच्या शिफ्टला आहेत. अलार्म वाजला की रनबुक (काय करायचं याच्या पायरीवार सूचना) उघडायचं, लॉगमधली ओळ तिकिटात चिकटवायची आणि तिकीट स्टोरेज टीमकडे ढकलायचं, हे काम. गेल्या महिन्यात रात्री तीनच्या सुमाराला त्यांनी एका वरिष्ठांना विचारलं, "सर, या ओळीचा अर्थ काय हो?" उत्तर मिळालं, "तुम्ही तिकीट लावा, आतलं समजून काय करायचंय?" ते मनाला लागलं. आता त्यांना स्टोरेजचं काम नीट शिकायचं आहे. पण नवऱ्याचं म्हणणं, "सॅन वगैरे संपत आलंय, क्लाउड कर." (सॅन म्हणजे सर्व्हरना सामायिक डिस्कशी जोडणारं वेगळं नेटवर्क.) ठाणे स्टेशनजवळच्या एका क्लासने ८५ हजार रुपये फी सांगितली आहे, नोकरीच्या हमीसकट, आणि सवलत पाडव्यापर्यंतच. त्यासाठी मुलीच्या नावाची एफडी मोडावी लागेल. डिस्क कमांडचा एक इंग्रजी दस्तऐवज त्यांनी उघडला होता, चौथ्या पानावर मिटला. त्या विचारतात: "मी कॉमर्सची. आधी नेटवर्किंग, मग लिनक्स, मग स्टोरेज, असं पायापासून केल्याशिवाय हे कळेल का? की आता उशीर झाला?"

ताई,

पत्राच्या शेवटी तुम्ही नमुन्याला एक ओळ उतरवून पाठवली आहे. त्यात सर्व्हरचं आणि ग्राहकाचं नाव खोडलंत हे फार बरं केलंत, ही सवय सोडू नका. ओळ अशी आहे: 'रीड (१०) २८ ०० ०० १ए ३एफ २० ०० ०० ०८ ००' आणि तिच्याखाली 'सेन्स की : मीडियम एरर'. अशा ओळी किती चिकटवल्या याची गणती नाही, असं तुम्ही लिहिता. मला आधी या ओळीबद्दलच बोलू द्या. क्लास, एफडी आणि क्लाउडकडे तिथूनच जाता येईल.

ही सर्व्हरने डिस्कला लिहिलेली दहा बाइटची चिठ्ठी आहे. पहिला बाइट २८, म्हणजे 'वाचून दे'. दुसरा खास सूचनांचा, इथे कोरा. पुढचे चार बाइट, ०० १ए ३एफ २०, हा पत्ता: कितव्या ब्लॉकपासून वाचायचं. आकडे हेक्साडेसिमल, म्हणजे दहाऐवजी सोळा अंकांच्या पद्धतीतले (९ नंतर ए ते एफ) आहेत, आपल्या नेहमीच्या पद्धतीत १७,२०,०९६. मग एक बाइट सोडून ०० ०८, म्हणजे आठ ब्लॉक. ब्लॉक ५१२ बाइटचा असेल तर हे ४ केबी झाले. शेवटचा बाइट नियंत्रणाचा, तोही कोरा. सर्व्हर म्हणाला, '१७,२०,०९६ पासून आठ ब्लॉक दे.' डिस्कने आधी नुसतं 'चेक कंडिशन' म्हणून हात वर केला आणि मग कारण दिलं: मीडियम एरर, ती जागा मला वाचता येत नाही.

तुम्ही कॉमर्सच्या आहात याचा इथे अडथळा तर नाहीच, थोडा उपयोगच आहे. व्हाउचरवर खातं कुठे, रक्कम कुठे, सही कुठे हे रकाने ठरलेले असतात आणि ते कोरे सोडायचे की भरायचे याचे नियम असतात. स्कझी ही सर्व्हर आणि डिस्क यांची बोलण्याची ठरलेली भाषा, आणि स्कझी कमांड हे तसंच एक व्हाउचर आहे. पत्त्याच्या रकान्यात चारच बाइट मावतात, म्हणून ५१२ बाइटच्या ब्लॉकने 'रीड (१०)' साधारण २.२ टेराबाइटच्या पलीकडे पोचूच शकत नाही. त्यापुढच्या डिस्कसाठी 'रीड (१६)' आहे, तिथे पत्त्याला आठ बाइट. रकाना छोटा पडला म्हणून नवा फॉर्म छापला, इतकंच.

'पायापासून केल्याशिवाय कळणार नाही' हे तुमचं गृहीतक मला म्हणूनच पटत नाही. नेटवर्किंगचं पुस्तक संपवून, लिनक्सचं संपवून मग स्टोरेजकडे यायचं ठरवलंत, तर शिफ्ट आणि घर सांभाळून दोन वर्षं जातील आणि तोवर ही ओळ तुमच्यासाठी बंदच राहील. मी मधूनच सुरुवात करायला सांगेन. एक प्रश्न आणि त्याचं एक उत्तर पूर्ण समजून घ्या. ते समजताना नेटवर्कचं जेवढं अडेल तेवढं नेटवर्क शिका, लिनक्सचं अडेल तेवढं लिनक्स. मी स्वतः हे काम असंच शिकले.

दुसरं गृहीतक तुमच्या पत्रात उघड नाही, पण सगळीकडे आहे: 'मला यातलं काहीच येत नाही.' ताई, सात वर्षांत तुम्ही या संवादाची उत्तरं इतकी पाहिली आहेत, जितकी क्लासमधल्या शिक्षकाने क्वचितच पाहिली असतील. फक्त त्यांची नावं कुणी सांगितली नाहीत. सेन्स की, म्हणजे उत्तरातलं कारण, हिचा रकाना चार बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त सोळा उत्तरं, आणि रोजच्या कामात त्यातली पाच-सहाच येतात. २ म्हणजे 'नॉट रेडी', मी अजून तयार नाही. ३ म्हणजे तुमची मीडियम एरर. ४ म्हणजे हार्डवेअर बिघडलं. ५ म्हणजे 'इल्लीगल रिक्वेस्ट': डिस्क ठीक आहे, चिठ्ठीच चुकीची लिहिली आहे किंवा मागितलेली गोष्ट मला येत नाही.

६ हा 'युनिट अटेन्शन', आणि याच्यावर जरा थांबू या, कारण रात्री सर्वांत जास्त घबराट याच्यामुळे होते. यात बिघाड असेलच असं नाही. डिस्क म्हणते, 'आपण शेवटचं बोललो त्यानंतर इकडे काहीतरी बदललंय, ते आधी ऐक.' वीज जाऊन आली असेल, रीसेट झाला असेल, कुणी नवा लन (सर्व्हरला एक डिस्क म्हणून दिलेला साठवणीचा तुकडा) जोडला असेल. त्याच्या मागे दोन जास्तीचे आकडे येतात, ते नेमकं काय बदललं ते सांगतात. २९ आणि ०० आले तर वीज परत आली किंवा रीसेट झाला. ३एफ आणि ०ई आले तर लनची यादी बदलली. 'रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट' तर सेन्स कीही नव्हे, ती वेगळी स्थिती आहे: डिस्क शाबूत आहे, पण दुसऱ्या सर्व्हरने तिच्यावर हक्क नोंदवून ठेवलाय. क्लस्टरमध्ये, म्हणजे अनेक सर्व्हर मिळून एक काम करतात तिथे, हे मुद्दाम केलेलं असतं. ही चार-पाच नावं कळली तरी उद्याच्या रात्री तुमच्या तिकिटात चिकटवलेल्या ओळीखाली तुमची स्वतःची एक ओळ येईल. स्टोरेज टीममधला माणूस ती पहिल्यांदा वाचेल तेव्हा तुमच्याकडे बघण्याची त्याची नजर बदलेल, हे मी अनुभवाने सांगते.

आता 'सॅन संपत आलंय' याबद्दल. तुमच्या यजमानांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, त्यात तथ्य आहे. पण त्यांनी चिठ्ठी आणि ती नेणारा यांची गल्लत केली आहे असं मला वाटतं.

स्कझीचं मूळ शुगार्ट असोसिएट्स या कंपनीच्या 'सासी' जोडणीत आहे, आणि अमेरिकेत १९८६ साली तिचं अधिकृत मानक झालं. तेव्हा चिठ्ठी नेणारी जाड, रुंद केबल होती. तिच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर लावायला विसरलं की दिवस वाया. पुढे तीच चिठ्ठी फायबर चॅनल या साठवणीसाठीच्या खास नेटवर्कवरून जाऊ लागली. मग २००४ साली आयस्कझीचं मानक आलं आणि ती साध्या इथरनेटवरून, टीसीपीच्या पाकिटात घालून, ३२६० क्रमांकाच्या पोर्टवर पोचू लागली. नेणारे बदलले, पण २८ चा अर्थ 'वाचून दे' हाच राहिला. तुम्ही कळव्याहून महाप्याला जाता, तेव्हा लोकलने जा की रस्त्याने विटाव्यावरून जा, डब्यातली भाजी तीच. प्रवास मात्र वेगळा. फायबर चॅनल रुळांसारखं आहे: पुढे जागा आहे असं क्रेडिट हातात आल्याशिवाय फ्रेम सुटतच नाही. इथरनेट रस्त्यासारखं: गर्दी झाली की पाकीट मध्येच टाकलं जातं आणि टीसीपी ते पुन्हा पाठवतं. पावसात विटाव्याला अडकल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आयस्कझीचं नेटवर्क इतर वाहतुकीपासून वेगळं ठेवतात त्याचं कारण तेच.

मग खरोखर बदलतंय काय? एनव्हीएमई, म्हणजे वेगवान फ्लॅश डिस्कशी बोलायची नवी भाषा. तिचं पहिलं मानक २०११ चं, आणि ती स्कझी नाही. तिची चिठ्ठी ६४ बाइटची, रकाने वेगळे. जुन्या साटा डिस्कच्या एएचसीआय पद्धतीत एकच रांग आणि तिच्यात ३२ कमांड. एनव्हीएमईमध्ये जवळपास ६५ हजार रांगा ठेवता येतात, आणि प्रत्येक रांगेत तितक्याच कमांड. २०१६ पासून ती नेटवर्कवरूनही चालते. नवे वेगवान अ‍ॅरे (अनेक डिस्क एकत्र असलेल्या साठवणीच्या पेट्या) तिकडेच चाललेत, हे खरं. पण अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमधल्या नायट्रो प्रकारच्या मशिनला ईबीएस या सेवेतून जोडलेली डिस्क एनव्हीएमई म्हणूनच दिसते. तिच्यातही ब्लॉकचा पत्ता आहे, किती ब्लॉक हा आकडा आहे, उत्तर आणि उत्तरातलं कारण आहे. लनच्या जागी नेमस्पेस हा शब्द येतो. क्लाउडमध्ये डिस्क हळू चालते तेव्हा रांग कुठे तुंबली हे ज्याला सांगता येतं त्याची तिथेही गरज असते. तेव्हा यजमानांना सांगा: क्लाउड करणारच, पण या वाटेने.

आणि स्कझी संपायला अजून अवकाश आहे. बॅकअपची एलटीओ टेप ती बोलते, सर्व्हरमधली सॅस डिस्क ती बोलते. तुमच्या घरातला पेनड्राइव्हसुद्धा यूएसबीच्या पाकिटात बहुतेक वेळा स्कझी कमांडच घेतो. तुमच्या फोनमध्ये यूएफएस साठवण असेल तर तीही. लिनक्समध्ये डिस्कला 'एसडी' नाव मिळतं, त्याचं मूळही स्कझी डिस्कच.

क्लासबद्दल लिहिण्याआधी एक प्रसंग सांगते, कारण त्याच्याशिवाय माझा सल्ला अर्धवट राहील. मी नवीन होते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीच्या मशिनरूममध्ये रात्रीची ड्यूटी. एका सर्व्हरवरची मोठी फाइल दुसऱ्यावर हवी होती. नेटवर्क मंद होतं. मला वाटलं, एकच लन दोन्ही सर्व्हरना दिला की कॉपी करायलाच नको, दोघंही बघतील. दिला. दोघांनी तो माउंट केला, म्हणजे वापरायला घेतला, दोघांनाही फाइल दिसली, मी खूश झाले. पण फायली कुठे आहेत याची वही प्रत्येक सर्व्हरने आपापल्या मेमरीत ठेवली होती, आणि दोघंही आपापली वही खरी धरून लिहीत सुटले. अ‍ॅरेने एकदाही हरकत घेतली नाही. तो कशाला घेईल? त्याला फाइल माहीतच नाही. त्याला फक्त 'अमुक ब्लॉकवर हे लिही' एवढंच ऐकू येतं. सकाळपर्यंत फोल्डर तुटले होते. टेपवरून परत आणलं, पण दीड दिवसाच्या नोंदी गेल्या आणि अकाउंटच्या माणसांनी त्या कागदांवरून पुन्हा भरल्या. त्यांच्याशेजारी बसून मी व्हाउचर वाचून दाखवत होते. ते अजून विसरलेले नाही.

नासमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून फायली देणाऱ्या साठवणीत, सर्व्हर 'ही फाइल दे' म्हणतो आणि वही समोरचा सांभाळतो. सॅनमध्ये 'हे ब्लॉक दे' म्हणतो आणि वही सर्व्हरची. झोनिंग आणि लन मास्किंग (कुणाला काय दिसावं ते ठरवणं), रिझर्व्हेशन, क्लस्टर फाइल सिस्टिम ही सगळी मंडळी एवढ्या एका फरकातून जन्माला आली आहेत. म्हणून माझा एक कडक नियम ऐका: शिकण्यासाठी कामावरच्या यंत्रणेवर एकही कमांड चालवू नका. 'नुसती वाचतेय' असं म्हणूनसुद्धा नाही.

मग कुठे चालवायची? तुमच्या जुन्या लॅपटॉपवर. त्यावर लिनक्स टाका. लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, 'स्कझी-डीबग' नावाचं मॉड्यूल आहे. ते मेमरीत खोटी डिस्क उभी करतं, सांगितलं नाही तर आठ एमबीची. 'एसजी३-युटिल्स' हा कमांडचा संच बसवा आणि त्या खोट्या डिस्कला विचारा: तू कोण (इन्क्वायरी), तयार आहेस का (टेस्ट युनिट रेडी), केवढी आहेस (रीड कपॅसिटी). उत्तरं बाइटमध्येच मागा आणि एकेक रकाना वहीत मराठीत लिहा. मग ते मॉड्यूल काढून 'ऑप्ट्स' या पर्यायाला २ देऊन पुन्हा चढवा आणि ४६६० क्रमांकाचा ब्लॉक वाचायला सांगा. तिथे मुद्दाम मीडियम एरर पेरून ठेवलेली आहे. कर्नेलच्या लॉगमध्ये तुमचीच ती ओळ येईल, फक्त पत्त्याच्या जागी ०० ०० १२ ३४ (४६६० हेक्साडेसिमलमध्ये). सात वर्षं दुसऱ्यांनी घडवलेली ओळ या वेळी तुम्ही घडवलेली असेल.

याला दोन-तीन आठवडे लागू द्या. घाई नको. नाइट करून आल्यावर झोप आधी. आठवड्यात तीन-चार दिवस पाऊणपाऊण तास मिळाला तरी पुष्कळ.

पुढचा टप्पा मोठा आणि माझ्या आवडीचा. लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन करा. एक टार्गेट, म्हणजे डिस्क देणारं. लिनक्सच्या कर्नेलमध्ये २०११ पासून यासाठी 'एलआयओ' आहे आणि 'टार्गेटसीएलआय'ने ते मांडता येतं. दुसरं इनिशिएटर, म्हणजे मागणारं, त्यावर 'ओपन-आयस्कझी'. मध्ये 'वायरशार्क' लावून ३२६० वरचं बोलणं ऐका. आधी लॉगिन दिसेल, मग 'रिपोर्ट लन्स', मग वाचन. आयस्कझीच्या ४८ बाइटच्या शीर्षभागात शेवटचे १६ बाइट कमांडसाठी राखलेले असतात. छोट्या डिस्कवरून वाचताना त्यात तुमची दहा बाइटची ओळ दिसेल, उरलेले सहा शून्य. नेटवर्किंग शिकायची तुमची वेळ ही. आता टीसीपी कशाला लागतं हे कुणी सांगावं लागणार नाही. चालू कॉपीच्या मध्ये नेटवर्क तोडा, किती वेळाने काय ओरडतं ते नोंदवा. मग तिसरं मशीन जोडा आणि माझी चूक करून पाहा: एकच लन, साधी फाइल सिस्टिम, दोघांनी लिहायचं. तिथे ती करून पाहिलीत की कामावर हातून होणार नाही.

इंग्रजी दस्तऐवज चौथ्या पानावर मिटला याचं वाईट वाटून घेऊ नका. मानकं सलग वाचायची नसतातच, आपण शब्दकोश सलग वाचतो का? सीगेट या डिस्क कंपनीची स्कझी कमांडची संदर्भपुस्तिका मोफत मिळते. तिच्यात इन्क्वायरीचं पान काढा, आपल्या वहीशी ताडून पाहा आणि बंद करा. आयस्कझीसाठी आरएफसी ७१४३ हे इंटरनेटचं मानक आहे, २०१४ चं, तेही मोफत. तेही तसंच वापरा. ज्या इंग्रजीत तुम्ही रोज अलार्म वाचता त्याहून ते अवघड नाही.

क्लासमध्ये एक गोष्ट मिळू शकते जी घरी मिळणार नाही: खऱ्या फायबर चॅनल स्विचला हात लावणं, झोन बनवणं, चुकवणं, दुरुस्त करणं. म्हणून जाऊन विचारा: स्विच आणि अ‍ॅरे इथे आहेत की नुसता व्हिडिओ? एका विद्यार्थ्याला किती तास मिळतात? मागच्या बॅचमधल्या दोघांशी बोलता येईल का? नोकरीची हमी कागदावर देता का, आणि नोकरी नाही लागली तर फीचं काय? पहिलं लेक्चर फुकट बसू देतात का? उत्तर देताना चाचरले तर तिथूनच परत फिरा. नोकरीची हमी ही क्लासच्या हातातली गोष्ट नाही, आणि जो ती विकतो त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही मी भरवसा ठेवणार नाही. मुलीची एफडी तर मुळीच मोडू नका. स्विच तुमच्या मजल्यावर रोज रात्री दिवे लावून उभे आहेत. तिथपर्यंतची वाट कंपनीच्या आतून जाते.

म्हणून त्या वरिष्ठांकडे परत या. ते जे बोलले ते बोलायला नको होतं. पण रात्री तीनला, चालू बिघाडात, 'याचा अर्थ काय' हा फार मोठा प्रश्न आहे. कदाचित त्यांनाही तो नीट सांगता आला नसता. पुढच्या वेळी दिवसा, शिफ्ट बदलताना, छोटा प्रश्न न्या: "सर, मंगळवारच्या तिकिटात युनिट अटेन्शन आला, २९-००. कंट्रोलर रीसेट झाला होता का?" याचं उत्तर अर्ध्या मिनिटात देता येतं, आणि देणाऱ्याला तुम्ही काय वाचलंय तेही कळतं. अशी दहा-बारा तिकिटं झाली की मॅनेजरकडे लेखी मागा: महिन्यातून दोन दिवस स्टोरेज टीमबरोबर बसू द्या, फक्त बघायला. नाही म्हणाले तर कारण विचारून ठेवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा मागा. तोवर तुमच्या वहीत दाखवण्यासारखं बरंच काही असेल, आणि दुसरीकडे मुलाखतीला जावं लागलं तरी तीच वही उपयोगी पडेल. ग्राहकांची नावं आणि लॉगची चित्रं मात्र त्यात कधीच नकोत.

चौतिसाव्या वर्षी उशीर झाला का, असं तुम्ही विचारलंत. माझ्याबरोबर काम केलेल्यांपैकी टेप लायब्ररी सर्वांत चांगली समजणारे गृहस्थ चाळिशीनंतर या कामात आले, त्याआधी ते गोदामात स्टॉक मोजत असत.

पाडव्याची सवलत जाऊ द्या. येत्या सुट्टीच्या दिवशी लॅपटॉपवर लिनक्स चढवा, आणि ४६६० वाचताना डिस्कने काय उत्तर दिलं ते मला बाइटसकट लिहून पाठवा.